संगणकांतील सामानाचा झाडा

घर विकत घेणारा मनुष्य किल्ल्या हातीं येतांच सगळ्या खोल्या उघडून पाहतो. पूर्वीच्या मालकाचें एखादें कपाट मागें राहिलें आहे काय, माळ्यावर कोणाची अडगळ पडली आहे, मागल्या दाराची दुसरी किल्ली कोणाजवळ आहे, याची चौकशी केल्यावांचून तो त्या घरांत निजावयास जात नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र हाच चौकस मनुष्य निराळा वागतो. दुकानांतून नवा संगणक येतो, खोक्यांतून बाहेर निघतो, वीज लागतांच पडद्यावर चित्रांची रांग उभी राहते आणि मालक कामाला लागतो. त्या रांगेंतील किती गोष्टी आपण मागितल्या होत्या, किती न मागतां आल्या, आणि रांगेंत न दिसणाऱ्या किती आंत बसल्या आहेत, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाहीं. वस्तुतः नवा संगणक म्हणजे रिकामें घर नव्हे. तें सामानासुमानासकट, आणि कधीं कधीं बिऱ्हाडकरूंसकट मिळालेलें घर होय. त्या सामानाचा झाडा कसा घ्यावा हें समजून घेणें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या हिताचें आहे.

हें सामान भरणारे हात तीन. पहिला हात मूळ कार्यप्रणाली तयार करणाराचा. घरोघरच्या पुष्कळ संगणकांत ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. तिच्याबरोबर आंकडेमोडीचें साधन, छायाचित्रें पाहण्याचें साधन, हवामान सांगणारें साधन अशीं अनेक ॲप येतात. दुसरा हात यंत्र बांधणाऱ्या कारखानदाराचा. तो आपल्या यंत्राची बॅटरी, आवाज, दुरुस्ती यांची व्यवस्था पाहणारे प्रोग्राम आंत ठेवतो. तिसरा हात तिऱ्हाईत व्यापाऱ्याचा. नव्या यंत्रांत आपल्या मालाला जागा मिळावी म्हणून तो कारखानदाराशीं करार करतो. कांहीं दिवस फुकट चालणारें आणि मग वर्गणी मागूं लागणारें विषाणुरोधक सॉफ्टवेअर हें त्याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण. २०१५ सालीं विंडोज १० निघाली, तेव्हां ‘कॅंडी क्रश सागा’ हा खेळ तिच्याबरोबरच येणार असें जाहीर झालें होतें. कचेरीच्या कामासाठीं घेतलेल्या यंत्रांतही मिठाईच्या वड्या जुळविण्याचा खेळ दिसूं लागला, त्याचें मूळ येथें आहे.

विंडोजमध्यें हें सामान २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘पॅकेज’ या स्वरूपांत बांधण्याची नवी पद्धत सुरू झाली. पॅकेज म्हणजे नीट बांधलेलें गांठोडें. त्यांत प्रोग्राम असतो, त्याचीं चित्रें असतात, निरनिराळ्या भाषांतील शब्द असतात, आणि वर एक चिठ्ठी असते. गांठोड्याचें नांव काय, आवृत्ति कितवी, तें कोणी बांधलें, तसेंच कॅमेरा, मायक्रोफोन किंवा यंत्राचा ठावठिकाणा यांपैकीं कशाकशाला हात लावण्याची त्याला मुभा हवी आहे, हें सर्व त्या चिठ्ठींत नमूद असतें. बांधणाराची सही वर असल्यामुळें मध्येंच कोणी गांठ सोडून आंत कांहीं घातलें, तर तें लपत नाहीं. अशीं गांठोडीं ‘विंडोजॲप्स’ नांवाच्या एका बंद कोठारांत ठेवलेलीं असतात. सामान्य वापरणाराला तें कोठार सहजासहजीं उघडत नाहीं.

मग आंत काय आहे तें कळावें कसें? बहुतेक लोक पडद्यावरील प्रारंभ-सूची उघडतात आणि तेथें दिसेल तेवढेंच सामान समजतात. परंतु प्रारंभ-सूची ही दुकानाची दर्शनी कांच आहे. ती कोठीची वही नव्हे. कांहीं पॅकेजें केवळ दुसऱ्या ॲपना आधार देण्यासाठीं असतात; त्यांना स्वतःचें चित्र नसतें, म्हणून तीं सूचींत येत नाहींत. उलट सूचींतील एखादें चित्र केवळ जाहिरातीचें असतें. त्यावर बोट ठेवल्यानंतर खरा प्रोग्राम बाहेरून उतरवून घेतला जातो. म्हणजे दिसतें तें सारें आंत असतेंच असें नाहीं, आणि आंत आहे तें सारें दिसतेंच असेंही नाहीं. खरा हिशेब हवा असेल, तर यंत्रालाच त्याची वही वाचावयास सांगितलें पाहिजे. डोळ्यांनीं पाहण्याऐवजीं लेखी आज्ञा देऊन विचारण्याचें महत्त्व तें हेंच.

अशा आज्ञा स्वीकारणारें साधन विंडोजमध्यें आधींच असतें. त्याचें नांव पॉवरशेल; तें २००६ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. तें उघडलें म्हणजे एक साधी चौकट येते व तींत मनुष्यानें अक्षरें लिहावयाचीं असतात. ‘गेट-ॲपएक्सपॅकेज’ एवढी एक आज्ञा रोमन लिपींत लिहून कळ दाबली, कीं समोर लांबलचक यादी उलगडत जाते. चार-दोन चित्रांची संवय झालेल्या मालकाला ती यादी पाहून प्रथम आश्चर्यच वाटतें.

परंतु ही यादी पूर्ण आहे काय? नाहीं; आणि या विषयांतील मर्माची गोष्ट येथेंच आहे. वरील आज्ञा फक्त त्या वेळीं यंत्रावर बसलेल्या व्यक्तीच्या नांवें काय नोंदलें आहे तेवढें सांगते. एकाच संगणकावर वडील, आई, मुलगी अशीं तीन खातीं असलीं, तर प्रत्येकाची नोंद निराळी. ‘सर्व वापरणारांची यादी दे’ असें सांगण्यासाठीं त्याच आज्ञेला ‘ऑलयूजर्स’ हा शब्द जोडावा लागतो, आणि त्या वेळीं पॉवरशेल व्यवस्थापकाच्या अधिकारानें उघडलेलें असावें लागतें. दुसऱ्याच्या खोलींत डोकावण्याचा अधिकार घरच्या कर्त्यालाच असावा, असा हा दंडक आहे.

एवढ्यानेंही काम संपत नाहीं. या व्यक्तिगत नोंदींहून निराळी अशी दुसरी एक वही यंत्राजवळ असते. पुढें जो कोणी नवा मनुष्य या यंत्रावर खातें उघडील, त्याला पहिल्या दिवशीं कोणकोणतीं पॅकेजें द्यावयाचीं, हें तींत लिहिलेलें असतें. ती वही वाचण्याची आज्ञा ‘गेट-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’ ही होय. तिला ‘ऑनलाइन’ हा शब्द जोडावयाचा असतो. येथें ऑनलाइन याचा अर्थ महाजालावर असा नसून, ‘आतां चालू असलेल्या याच यंत्राविषयीं सांग’ असा आहे. यंत्रांत आधींपासून भरून ठेवलेलें सामान म्हणजे काय, याचें सर्वांत प्रामाणिक उत्तर या दुसऱ्या वहींत मिळतें.

या दोन वह्यांतील भेद कळला नाहीं म्हणजे घरोघर एक चमत्कार घडतो. समजा, एका गृहस्थानें आपल्या खात्यांतून एक नकोसा खेळ काढून टाकला. चार दिवसांनीं मुलीच्या अभ्यासासाठीं त्यानें त्याच यंत्रावर तिचें नवें खातें उघडून दिलें, आणि पाहतो तों तोच खेळ तेथें हजर! गृहस्थाला वाटतें, यंत्रांत कांहीं बिघाड झाला, किंवा कोणी चोरपावलांनीं येऊन तो परत ठेवून गेला. वास्तविक बिघाड कसलाच नसतो. त्यानें आपल्या नांवापुढील नोंद खोडली होती. नव्या माणसाला काय द्यावें या वहींतील नोंद तशीच होती. गांठोडें कोठारांतून हाललेंच नव्हतें, म्हणून डिस्कवरील जागाही मोकळी झाली नव्हती. एका व्यक्तीची नोंद काढण्याची आज्ञा ‘रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेज’, आणि भावी वापरणारांसाठीं केलेली तरतूद रद्द करण्याची आज्ञा ‘रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’. दोन वह्यांना दोन आज्ञा लागतात. दोन्हींतील नोंदी गेल्यावरच सामान खरोखर घराबाहेर पडतें.

शाळा व कचेऱ्या यांना हा भेद अधिकच जाचतो. तेथें एक यंत्र मनाजोगें सजवून त्याचीच प्रतिकृति इतर शेंकडों यंत्रांत उतरवितात. एखादें पॅकेज एका खात्याच्या नांवें नोंदलेलें आहे, पण सर्वांसाठींच्या वहींत नाहीं, असें आढळलें तर प्रतिकृति तयार करणारें साधन मध्येंच अडून बसतें. दोन वह्यांचा मेळ नसला म्हणजे हिशेबनीस जसा पुढें जाण्यास नकार देतो, तसाच हा प्रकार.

यादी मिळाली तरी ती वाचतां आली पाहिजे. प्रत्येक पॅकेजाचें पूर्ण नांव पांच भागांचें असतें: मूळ नांव, आवृत्तीचा आंकडा, कोणत्या जातीच्या यंत्रासाठीं तें आहे ती खूण, एक बहुधा रिकामीच राहणारी जागा, आणि शेवटीं प्रकाशकाची तेरा अक्षरांची मुद्रा. मूळ नांव पुष्कळदां पडद्यावरील नांवाशीं जुळत नाहीं. झून नांवाचें गाणीं वाजविण्याचें एक हातांतलें यंत्र मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं बाजारांत आणलें होतें. २०११ सालीं तें बंद पडलें. पण विंडोज ११ मधील मीडिया प्लेअरचें पॅकेज आजही यादींत ‘झून-म्युझिक’ याच नांवानें उभें आहे. माहेरचें नांव बदललें तरी जुन्या दस्तऐवजांत तें राहतें, तशांतलाच हा प्रकार. म्हणून अनोळखी नांव दिसतांच घाबरूं नये, आणि ओळखीचें दिसतांच निश्चिंतही होऊं नये. नांवापेक्षां शेवटची मुद्रा अधिक विश्वसनीय. ती प्रकाशकाच्या प्रमाणित नांवावरून गणितानें काढलेली असते. त्यामुळें एकाच प्रकाशकाच्या सर्व पॅकेजांवर ती एकच दिसते.

आज्ञेनें घेतलेल्या यादीचा खरा लाभ मात्र वाचण्यांत नसून चाळण्यांत आहे. पॉवरशेल जें उत्तर देतें तें नुसत्या ओळींचें नसतें. प्रत्येक नोंदीचे नांव, प्रकाशक, आवृत्ति, ठिकाण, काढतां येण्यासारखी आहे कीं नाहीं, असे रकाने वेगवेगळे ठेवलेले असतात. म्हणून पुढची आज्ञा जोडून ‘फक्त अमुक प्रकाशकाचीं दाखव’, ‘आधारासाठीं असलेलीं वगळ’, ‘काढतां न येणारीं वेगळीं कर’ असें सांगतां येतें. सर्व यादी कोष्टकाच्या रूपानें एका फाइलींत उतरवितां येते, आणि सहा महिन्यांनीं घेतलेल्या दुसऱ्या यादीशीं ती ताडून काय नवें आलें, काय गेलें, हें यंत्राकडूनच काढून घेतां येतें. वाण्याची वही महिनाअखेर तपासणाऱ्या गृहिणीला या युक्तीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

येथवर नव्या पद्धतीच्या पॅकेजांचा विचार झाला. त्यांच्या आधींपासून चालत आलेले जुन्या घडणीचे प्रोग्राम या दोन्ही वह्यांत नसतात. त्यांच्या नोंदी ‘रजिस्ट्री’ या विंडोजच्या मध्यवर्ती दप्तरांत, ‘अनइन्स्टॉल’ या सदराखालीं असतात. आणि तें सदरही एका ठिकाणीं नाहीं. सर्व यंत्रासाठीं एक, जुन्या बत्तीस-बिटी प्रोग्रामांसाठीं दुसरें, आणि प्रत्येक व्यक्तीच्या नांवें तिसरें. तिन्ही पाहिल्यावांचून झाडा पुरा होत नाहीं. शिवाय एखाद्या नोंदीवर ‘हा यंत्रणेचा घटक आहे’ अशी खूण केलेली असली, तर नेहमींच्या पडद्यावरील यादींत ती दाखविलीच जात नाहीं. दप्तर थेट वाचणाराला मात्र ती दिसते.

या कामीं एका आडवाटेपासून सावध राहिलें पाहिजे. ‘विन३२-प्रॉडक्ट’ या नांवानें यंत्राला प्रश्न विचारूनही प्रोग्रामांची यादी मिळते, आणि अनेक जण ती वाट सुचवितात. पण हा प्रश्न निरुपद्रवी नाहीं. तो विचारतांच विंडोज आपल्या स्थापकानें बसविलेला प्रत्येक प्रोग्राम धड आहे कीं नाहीं हें तपासूं लागते, आणि कोठें उणें आढळलें तर दुरुस्तीही आरंभते. कोठींत काय आहे एवढेंच विचारावें, आणि नोकरानें सगळे डबे उतरवून पुन्हां लावावयास घ्यावे, तशी गत होते. वेळ जातो तो जातोच. शिवाय एवढें करून या यादींत त्या एका स्थापकानें बसविलेलेच प्रोग्राम येतात. विचारतांना वस्तु जागची हलूं नये, हा झाडा घेण्याचा पहिला नियम आहे.

विंडोजखेरीज इतर प्रणालींतही याच तत्त्वाचे निरनिराळे अवतार दिसतात. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रणालींत सर्व पॅकेजांची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलींत असते. ती कोणालाही वाचतां येते, आणि ‘डीपीकेजी’ या आज्ञेला एक अक्षर जोडलें कीं तिचा गोषवारा समोर येतो. मालकानें स्वतः मागून घेतलेलीं पॅकेजें कोणतीं आणि दुसऱ्याच्या गरजेपोटीं आपोआप आलेलीं कोणतीं, हाही भेद तेथें राखलेला असतो. ॲपलच्या संगणकांत बसविलेल्या पॅकेजांच्या पावत्या ठेवलेल्या असून त्या आज्ञेनें पाहतां येतात. मात्र प्रणालीबरोबर आलेलें सामान २०१९ पासून केवळ वाचतां येईल अशा स्वतंत्र भागांत ठेवण्यांत येतें, त्यामुळें त्यास मालकाचा हात सहसा पोंचत नाहीं.

एवढी दगदग कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर २०१५ सालच्या एका प्रकरणानें दिलें आहे. लेनोवो कंपनीनें २०१४ च्या उत्तरार्धापासून घरगुती ग्राहकांना विकलेल्या कांहीं लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ कंपनीचा एक प्रोग्राम आधींपासून घातलेला होता. मनुष्य महाजालावर जें पाहील त्यांत आपल्या जाहिराती मिसळणें हें त्याचें काम. बँकेसारखीं स्थळें गुप्त लिपींत बोलतात, म्हणून त्यांच्या संभाषणांतही शिरतां यावें यासाठीं या प्रोग्रामानें यंत्राच्या विश्वासू साक्षीदारांच्या यादींत स्वतःचें एक प्रमाणपत्र घुसविलें होतें. त्याहून वाईट हें कीं, त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्यें प्रकरण उघडकीस आलें आणि लवकरच ती किल्ली शोधून काढण्यांत आली. तात्पर्य, ती ज्याच्या हातीं लागेल त्याला सार्वजनिक ठिकाणच्या वायफायवर बसलेल्या अशा लॅपटॉपापुढें खोटी बँक उभी करतां आली असती, आणि यंत्रानें तिला खरी मानलें असतें. अमेरिकेच्या सरकारी सुरक्षाखात्यानें तो प्रोग्राम काढून टाकण्याचा इशारा दिला. कंपनीनें तो घालणें बंद केलें व तो काढण्याचें साधन पुरविलें. आणि २०१७ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगाशीं झालेल्या तडजोडींत, अशा जातीचा प्रोग्राम आधींपासून घालावयाचा तर ग्राहकाची स्पष्ट संमति घेण्याची अट मान्य केली.

या प्रकरणांतून दोन धडे मिळतात. पहिला असा कीं, तो प्रोग्राम अदृश्य नव्हता. प्रोग्रामांच्या यादींत त्याचें नांव होतें. यादी पाहणाराला तो सांपडला असता; न पाहणाराच्या घरांत तो निर्धास्त राहिला. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. नेहमींच्या रीतीनें तो प्रोग्राम काढला, तरी त्याचें प्रमाणपत्र मागें राहत असे. बिऱ्हाडकरू गेला, पण किल्ली त्याच्याजवळच राहिली! म्हणून पॅकेजांची यादी ही सावधगिरीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. सुदैवानें यंत्र ज्यांवर विश्वास ठेवतें त्या प्रमाणपत्रांची यादीही पॉवरशेलकडून मागून घेतां येते.

आधींपासून काय भरावें, हा प्रश्न न्यायालयांपुढेंही गेला आहे. १९९८ सालीं अमेरिकेच्या सरकारनें मायक्रोसॉफ्टवर जो खटला भरला, त्यांत विंडोजबरोबर आपलाच ब्राउझर जोडून देणें हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. २००४ सालीं युरोपियन आयोगानें त्याच कंपनीस सुमारें ४९.७ कोटी युरोंचा दंड केला. मीडिया प्लेअर विंडोजला जखडून देणें हें त्यांतील एक कारण. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारविषयक कायद्यानें तर मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर असें बंधन घातलें आहे कीं, यंत्र चालण्यास अत्यावश्यक असलेलीं सोडून बाकीचीं ॲप वापरणाराला सहज काढतां आलीं पाहिजेत. यंत्राचे पैसे मोजणारा मालक त्याचा खरोखर मालक आहे कीं नाहीं, हाच या सर्व वादांच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे.

तथापि यादी हातीं येतांच कुऱ्हाड घेऊन निघणें शहाणपणाचें नव्हे. आधारासाठीं असलेलें पॅकेज काढल्यास त्यावर टेकलेलीं ॲप कोसळतात. विंडोजचें दुकान म्हणजे ‘स्टोअर’ काढून टाकल्यास पुढें लागणाऱ्या वस्तु आणण्याची वाटच बंद होते, आणि तें पुन्हां बसविणें सोपें नसतें. म्हणून आधीं यादी घ्यावी, अनोळखी नांवांची माहिती काढावी, आणि मगच एकेक वस्तु हलवावी. विचारण्याच्या आज्ञा कितीही वेळां द्याव्या, त्यांनीं कांहीं बिघडत नाहीं. काढण्याच्या आज्ञा मात्र मोजून द्याव्या.

नवा संगणक घरीं येईल त्या दिवशीं, कोणीही त्यावर काम सुरू करण्यापूर्वीं, दोन्ही वह्यांची व जुन्या दप्तराची यादी काढून एका फाइलींत तारखेसह ठेवावी, आणि तिची एक प्रत यंत्राबाहेर असूं द्यावी. या कामास अर्धा तास पुरतो. कारण यंत्राला ‘आतां तुझ्यांत काय आहे’ हें केव्हांही विचारतां येतें; पण ‘पहिल्या दिवशीं काय होतें’ हें तें नेहमींच सांगूं शकेल असें नाहीं. ती आठवण मालकानेंच लिहून ठेवावयाची असते.